पुन्हा तीच रेकॉर्ड!

ऐकलंत का? हल्ली माणसं रेकॉर्ड विकत घेतात आणि आधी तिच्यावरचा पत्ता वाचतात! गाणं राहिलं बाजूला. लेबलवर न्यूयॉर्कच्या पश्चिमेकडच्या पन्नासाव्या रस्त्याचा पत्ता असला, तर हजारो डॉलर मोजायची तयारी. आणि वाजवणारा तोच, धून तीच, कव्हरही तेच, पण पत्ता न्यू जर्सीतल्या बर्गनफील्डचा निघाला, की साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मुलगा सगोत्र निघाल्यासारखी तोंडं पडतात. कंपनीनं १९५८च्या सुमारास बिऱ्हाड हलवलं, एवढंच काय ते घडलेलं. पण बिऱ्हाड हलायच्या आधीची ती कुलीन आणि नंतरची ती... जाऊ दे, आपण कशाला कुणाच्या रेकॉर्डला नावं ठेवा!

थांबा, मूळ भानगड सांगते. सनी रॉलिन्स नावाचा एक सॅक्सोफोनवाला. जन्म १९३०चा, न्यूयॉर्कचा, हार्लेममध्ये वाढलेला. जॅझमधला टेनर सॅक्सोफोन म्हटलं की जी दोन-तीन नावं आधी निघतात, त्यांतलं हे एक. २२ जून १९५६ रोजी त्यानं तिघांना बरोबर घेऊन 'सॅक्सोफोन कोलोसस' नावाची एलपी वाजवली. बिऱ्हाड हलवलेली ती कंपनी म्हणजे हीच प्रेस्टिज; क्रमांक ७०७९. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बेसवर डग वॉटकिन्स, ड्रम्सवर मॅक्स रोच. पाच धुना, चाळीसेक मिनिटांचा मामला. एका दिवसात काम उरकलं, आणि तेही कुठे? न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक गावी, एका गृहस्थाच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात! गृहस्थाचं नाव रूडी व्हॅन गेल्डर. दिवसा हा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात घरच्या बैठकीच्या खोलीत माइक लावून अमेरिकेतला उत्तमोत्तम जॅझ टेपवर उतरवून घ्यायचा. आईवडिलांनी काय काय सोसलं असेल, त्याची कुणी रेकॉर्ड केलेली नाही.

त्या एका दिवसाच्या कामाला आता सत्तर वर्षं होत आली. तेवढ्या अवधीत या चाळीस मिनिटांनी किती वेषांतरं केली म्हणून सांगू! साठच्या दशकात स्टिरिओची हवा आली, तेव्हा मूळच्या मोनो टेपा यंत्रातून काढायच्या, खालचे सूर एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला ढकलायचे आणि माल 'स्टिरिओ' म्हणून खपवायचा, अशी टूम निघाली; जुना जॅझही तिच्या तावडीतून सुटला नाही. १९७१ साली प्रेस्टिजच फँटसी नावाच्या कंपनीच्या पोटात गेली. फँटसीनं ऐंशीच्या दशकात 'ओरिजिनल जॅझ क्लासिक्स' म्हणून स्वस्तातली मालिका काढली. तीत ही आली. मग सीडी आली. मग जपान्यांची आली. मग सीडीहून भारी सीडी आली. मग सीडीचंच बारावं झालं आणि लोक पुन्हा तबकडीकडे वळले, तशा १८० ग्रॅम वजनाच्या जाडजूड तबकड्या आल्या. फँटसीला २००४ साली कॉन्कॉर्डनं गिळलं, आणि २०२३पासून तीच ऐंशीच्या दशकातली स्वस्त मालिका नटूनथटून, वरच्या दरात परत बाजारात उतरली आहे. गरिबाघरची म्हणून जिच्याकडे तेव्हा नाकं मुरडली, तिच्याच जुन्या प्रतींबद्दल आता शोधक मंडळी कुजबुजतात की "तशी ती वाईट नव्हती हो!" कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते असं.

हे सगळं मला कुठून कळलं म्हणाल, तर घरातूनच. आमची भाची असते अमेरिकेत, एडिसनला. जावई सॉफ्टवेअरमधला, शांत, सुपारीचंही व्यसन नाही. निर्व्यसनी म्हणूनच तर स्थळ पसंत केलं होतं! आणि आता पाहावं तर तळघरात भिंतभर कप्पे, कप्प्यांत रॉलिन्सच्या रेकॉर्डी, आणि त्याही सगळ्या वेगवेगळ्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. एकच 'सॅक्सोफोन कोलोसस' ओळीनं उभी. भाचीनं मला हळूच सांगितलं, "मावशी, या सगळ्यांत वाजवलंय एकच गं. मी ऐकलंय."

मी गेले तेव्हा जावयानं कौतुकानं खाली नेलं. खुर्ची दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जमिनीला चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवलेली. ती इंचभर सरकवायची नाही. 'सेंट थॉमस' ही पहिली धून. वेस्ट इंडीजमधल्या त्याच नावाच्या बेटावरच्या लोकसंगीताचा बाज आहे तिला. रॉलिन्सची आई मूळची तिकडची, आणि ही चाल त्याच्या कानावर लहानपणीच पडलेली. धून सुरू होते ती एकट्या मॅक्स रोचपासून: ड्रम्स तेवढे वाजत राहतात, मग सॅक्सोफोन आत येतो. जावयानं सुई ठेवली. "मावशी, तुम्ही फक्त झांज ऐका हं. झांजेच्या मागे हवा जाणवते का बघा." ड्रम्स वाजले, छान वाजले, अंगात लय शिरली, पाय हलायला लागला, आता तो सॅक्सोफोनवाला येणार, तोच याने सुई उचलली! ती तबकडी काढून दुसरी लावली. पुन्हा तेच ड्रम्स. पुन्हा सुई वर. मग जपानी प्रत आली. तिच्या कव्हराला उभी कागदी पट्टी असते, तिला 'ओबी' म्हणतात, आणि ती फाटली तर किंमत पडते म्हणून त्याने ती दोन बोटांनी अशी काढली की माझ्या भाचीचा हातही त्यानं एवढ्या हळुवारपणे कधी धरला नसेल. पुन्हा ड्रम्स. पुन्हा सुई वर.

"फरक कळला?" म्हणाला.

म्हटलं, "कळला की. ही जरा मोठ्यांदा वाजली."

असा काही दुखावला बिचारा! मग मला समजावून सांगितलं की मोठ्यांदा वाजतं ते माणसाला उगाचच चांगलं वाटतं, म्हणून सगळ्या प्रतींची पातळी मीटर लावून सारखी करावी लागते, आणि ती त्यानं केलेलीच आहे. म्हणजे माझा कान खोटा! मी म्हटलं, "अरे, तो सॅक्सोफोनवाला दाराशी येऊन उभा राहतो आणि तू दर वेळी त्याच्या तोंडावर दार लावतोस. एकदा त्याला आत तर येऊ दे!" त्यावर तो अगदी मनापासून म्हणाला, "मावशी, सॅक्सोफोन सगळ्यांत चांगलाच आहे. फरक झांजेत कळतो."

घ्या! आणि हे एकट्या आमच्या जावयाचं नाही बरं. यांची अख्खी बिरादरी अशीच. वाजवणाऱ्यापेक्षा तबकडी कापणाऱ्याचं नाव मोठं. मूळ टेपवरून तबकडीचा साचा कोरणारे जे कारागीर, केव्हिन ग्रे काय, बर्नी ग्रंडमन काय, त्यांच्याबद्दल ही मंडळी अशी बोलतात, की वाटावं सॅक्सोफोन यांनीच वाजवला. या कारागिरांची आद्याक्षरं तबकडीवर असतात, लेबलालगत जी कोरी गुळगुळीत जागा उरते तिथे, नखाएवढी, खरवडलेली. त्या जागेला हे लोक 'डेड वॅक्स' म्हणतात. जुन्या प्रतींवर व्हॅन गेल्डरची 'आरव्हीजी' ही तीन अक्षरं दिसली की भरून पावले. त्यासाठी टॉर्च तिरपा धरायचा, भिंग लावायचं, तबकडी डोळ्यांजवळ नेऊन हळूहळू फिरवायची. भाची म्हणते, "आमच्या मुलाच्या तोंडातला पहिला दात यानं असा बघितला नव्हता."

आणि धुणं! ते तर सांगायलाच नको. साबणाच्या पाण्यापासून सुरुवात होते, मग धुळीसकट पाणी ओढून घेणारं यंत्र येतं, मग ध्वनिलहरींनी मळ सोडवणारी टाकी येते. आणि यांतले काही अघोरपंथी तर लाकूड चिकटवायचा पांढरा गोंद सरळ रेकॉर्डवर ओततात! हो, आपल्या फेव्हिकॉलचीच सख्खी बहीण. अख्ख्या तबकडीवर थर पसरायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी एका झटक्यात सालीसारखा सोलून काढायचा. खाचांतली धूळ त्याबरोबर निघते, असं सांगतात. नाही निघाली, गोंदच आत राहिला, तर? तर पुढची प्रत घ्यायची. तेवढंच निमित्त. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

बरं, या सगळ्या कीर्तनात एक गोष्ट कुणी काढत नाही. 'सॅक्सोफोन कोलोसस' वाजवून झाल्यावर चारच दिवसांनी, २६ जूनला, मोटार अपघातात क्लिफर्ड ब्राउन हा ट्रम्पेटवाला आणि रिची पॉवेल हा पियानोवाला, दोघेही गेले. रॉलिन्स आणि मॅक्स रोच तेव्हा ज्या जथ्यात वाजवत होते, त्यातलेच हे दोघे. ब्राउनचं वय अवघं पंचवीस. एका आठवड्याच्या आत काय होत्याचं काय झालं! ती रेकॉर्ड एवढ्या आनंदात का वाजते आणि पुढे तसं वाजवणं या माणसांना किती जड गेलं असेल, यावर तासभर बोलता आलं असतं. पण नाही. आमच्याकडे तासभर बोलतात ते तबकडीच्या कडेच्या जाडीवर.

आता 'वे आउट वेस्ट'ची भानगड ऐका; ती याहून खमंग आहे. १९५७च्या मार्चमधली. रॉलिन्स प्रथमच कॅलिफोर्नियाला गेला, आणि लॉस एंजेलिसच्या कंटेम्पररी कंपनीनं त्याला पकडलं. साथीला बेसवर रे ब्राउन, ड्रम्सवर शेली मॅन. पियानो नाहीच. दोघेही साथीदार इतके कामात बुडालेले, की रेकॉर्डिंगला मुहूर्त लागला पहाटे तीनचा! स्टुडिओ म्हणजे काय, तर कंपनीच्या ऑफिसामागची माल ठेवायची खोली. तिथे रॉय ड्यूनॅन नावाच्या माणसानं असा काही आवाज टिपला की आजही लोक मान डोलावतात. आणि कव्हर! वाळवंटात डोक्यावर काउबॉयची टोपी, कमरेला पट्टा, आणि हातात बंदुकीऐवजी सॅक्सोफोन घेऊन रॉलिन्स उभा. फोटो विल्यम क्लॅक्स्टनचा. या कव्हरावरून तेव्हाही कुजबूज झाली असणार.

पण भांडण वेगळंच आहे. ही रेकॉर्ड मोनोत आली आणि स्टिरिओतही. स्टिरिओत रॉलिन्स एका बाजूच्या स्पीकरमध्ये आणि बेस-ड्रम्स दुसऱ्या बाजूला, मध्ये सगळं मोकळं मैदान. मोनोवाले म्हणतात, एकत्र वाजवणाऱ्या तिघांची अशी फारकत करणं हा अत्याचार आहे. स्टिरिओवाले म्हणतात, मोनोत सगळे एकमेकांच्या अंगावर बसलेले वाटतात. आणि दोन्ही गट शेवटी दोन्ही प्रती विकत घेतात, कारण समोरच्याचं म्हणणं किती चूक आहे ते सिद्ध करायला पुरावा नको का? कंपनीला काय, तिचे दोन्ही हात तुपात. २०१८ साली वगळलेले टेक्स जोडून दोन तबकड्यांचा संच आला, २०२३ साली कंटेम्पररीच्या तीन एलपींचा आणखी एक संच आला. आमच्या जावयाकडे दोन्ही आहेत. भाचीला त्यानं सांगितलं, "हा वेगळा आहे." ती म्हणाली, "टोपीवाला फोटो तोच आहे."

'व्हिलेज व्हॅनगार्ड'ची गोष्ट फार ताणत नाही. ३ नोव्हेंबर १९५७ला न्यूयॉर्कच्या त्या तळघरातल्या क्लबात व्हॅन गेल्डरनं आपली यंत्रं नेऊन दुपारचा आणि रात्रीचा कार्यक्रम टिपला. ब्लू नोट कंपनीनं त्यातून एक एलपी काढली. सत्तरच्या दशकात उरलेल्यातून दोन तबकड्या काढल्या. मग सीडीवर दोन भाग, मग व्हॅन गेल्डरनं स्वतः पुन्हा हात फिरवलेली आवृत्ती, मग २०२४ साली तीन तबकड्यांचा 'संपूर्ण' संच. संपूर्ण म्हणे! एका रविवारचा कार्यक्रम लोक साठ-सत्तर वर्षं हप्त्याहप्त्यानं विकत घेतायत. तो रविवार होता, हे मी कॅलेंडर काढून पाहिलं. संगतीचा परिणाम.

आणि आता जी सांगते, ती ऐकून तोंडात बोटं घालाल. या सगळ्या पंथाचा मूळ मंत्र एकच: टेपवरून तबकडी, मध्ये कॉम्प्युटर नको. मध्ये डिजिटलचा स्पर्श झाला की आवाज बाटला, आणि तो बाटलेला आवाज आपल्याला पहिल्या सेकंदाला ओळखू येतो, अशी यांतल्या प्रत्येकाची ठाम समजूत. अगदी छातीवर हात मारून सांगायचे. तर झालं काय, २०२२च्या जुलैत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सच्या एका रेकॉर्ड-दुकानदारानं व्हिडिओ टाकून जाहीर केलं, की मोबाइल फिडेलिटी ही जी कंपनी जुन्या रेकॉर्डींच्या अत्यंत महागड्या आवृत्त्या काढते, ती मूळ टेप आधी डिजिटलमध्ये उतरवून घेते आणि मग तबकडी कापते. कंपनीच्या इंजिनियरांनी ते कबूल केलं. आणि हे कधीपासून चाललं होतं? २०११पासून! म्हणजे अकरा वर्षं हे सोवळ्यातले लोक ज्या रेकॉर्डी डोळे मिटून ऐकत होते, डोळ्यांत पाणी आणून ज्यांची परीक्षणं लिहीत होते, "याला म्हणतात खरा टेपचा आवाज" असं एकमेकांना सांगत होते, त्यांतल्या किती तरी बाटलेल्या! एकाच्याही कानाला पत्ता नाही. वॉशिंग्टन पोस्टनं बातमी केली, खटले झाले, कंपनीला ग्राहकांशी अडीच कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. मला खरं आवडलं ते पुढचं. लोक संतापले कशावर, तर कंपनीनं लपवलं यावर. "आम्हाला ऐकू आलं नाही" असं म्हणणारा फार विरळा. साप निघून गेला, भुई धोपटणं चालू.

हे एक वेळ राहू द्या. ज्या व्हॅन गेल्डरची तीन अक्षरं भिंगातून शोधतात, तो देव तरी यांच्या बाजूचा असावा की नाही? नव्वदच्या दशकात, सीडीचा जमाना असताना, या गृहस्थानं मुलाखतीत चक्क सांगितलं, की आवाजाची सगळ्यात जास्त नासाडी करणारी वस्तू कोणती, तर खुद्द एलपी. ती गेली तर बरंच झालं. आयुष्यभर हजारोंनी त्या कोरल्यावर! आणि मग आपल्याच जुन्या टेपा स्वतःच्या हातानं डिजिटल करून त्याने सीडीवर आणल्या. २०१६ साली वारला. त्या सीडी आता भंगाराच्या भावात मिळतात, आणि त्या शापित एलपीसाठी माणसं घराचे हप्ते लांबवतात. दिव्याखाली अंधार तो किती असावा!

देवाचं झालं, आता खुद्द वाजवणाऱ्याकडे या. सनी रॉलिन्सला स्वतःच्या रेकॉर्डी ऐकवत नसत! गंमत म्हणून नाही सांगत. तो हे मुलाखतींतून पुन्हा पुन्हा सांगत आला: आपलं वाजवलेलं ऐकणं म्हणजे शिक्षा, चुकाच ऐकू येतात. १९५९ साली, नाव शिखरावर असताना, हा माणूस वाजवणं बंद करून बसला, कारण त्याच्या मते त्याला नीट वाजवता येत नव्हतं. घरी रियाज करायचा तर शेजारी एक गरोदर बाई. तिला त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवत उभा राहायचा. दोन वर्षं! कधी कधी दिवसाचे पंधरा-पंधरा तास. वरून गाड्या, खालून बोटी, आणि मध्ये हा. आता सांगा, त्या काळातल्या त्याच्या रियाजाची किंमत किती झाली असती? आमच्या जावयापुढे हा विषय काढला की अक्षरशः ओठ दाबून गप्प बसतो. पुलावर टेपरेकॉर्डर घेऊन जायचं कुणालाच कसं सुचलं नाही, याचं दुःख त्याला जन्माच्या आधीपासूनचं आहे.

आणि तो आपल्या पवईतही येऊन राहिला होता, ठाऊक आहे का? हो हो, मुंबईतली पवई. साठच्या दशकाच्या अखेरीस, तिथल्या आश्रमात, काही महिने. योग, वेदान्त, ध्यान. बरोबर सॅक्सोफोन होताच. ध्यानाला बसलं की मन लागेना, तेव्हा गुरूंनी म्हणे सांगितलं, की तुझं वाजवणं हेच तुझं ध्यान. एवढा मोठा माणूस तलावाकाठी येऊन गेला आणि आपण त्या वेळी कुठल्या रेडिओवर काय ऐकत होतो कोण जाणे. पुढे १९७८ साली पहिली 'जॅझ यात्रा' झाली मुंबईत, तेव्हा तो पुन्हा आला, या खेपेला वाजवायला. धोबी तलावच्या रंगभवनात. उघड्यावर. त्याची आठवण सांगणारे अजून भेटतात, आणि प्रत्येक जण पहिल्याच रांगेत बसलेला असतो.

सगळ्यात कळस म्हणजे रोलिंग स्टोन्सचा किस्सा. त्यांच्या १९८१च्या 'टॅटू यू' या आल्बममध्ये रॉलिन्सनं वाजवलं. कव्हरवर नाव नव्हतं. पुढे एकदा तो किराणा घ्यायला सुपरमार्केटात गेला असता वर लावलेल्या स्पीकरांतून सॅक्सोफोन ऐकू आला. हा कोण बरं वाजवतोय, असा त्याला प्रश्न पडला. थोड्या वेळानं लक्षात आलं, अरे, हे तर आपणच! किस्सा त्यानंच सांगितलेला आहे. इकडे माणसं पहिल्या छपाईची प्रत आणि तिसऱ्या छपाईची प्रत डोळे मिटून ओळखल्याचा दावा करतात, आणि तिकडे वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज पहिल्या फटक्यात ओळखू येत नाही. कुणाचा कान खरा मानायचा सांगा.

तरी या वेड्यांना मी सरसकट झोडपणार नाही. यांतल्याच एका पठ्ठ्यानं वर्षानुवर्षं रॉलिन्सच्या कार्यक्रमांची, लोकांनी चोरून केलेली रेकॉर्डिंगं जमवली. स्वतःही यंत्र लपवून नेलं. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कमध्ये जे झालं, तेव्हा रॉलिन्सचं घर तिथून काही चौकांवर. त्याला घराबाहेर काढावं लागलं. चारच दिवसांनी त्यानं बॉस्टनला जाऊन वाजवलं, आणि हा पठ्ठ्या तिथे खिशात यंत्र घेऊन हजर. चोरीच ती! पण ती टेप इतकी चांगली निघाली की २००५ साली 'विदाउट अ साँग' म्हणून खुद्द रॉलिन्सच्या संमतीनं ती बाजारात आली. आणि २००८पासून 'रोड शोज' नावाची जी मालिका निघाली, तिच्यात याच माणसाच्या साठ्यातला माल आहे. म्हणजे ज्याला स्वतःचं ऐकवत नाही, त्याचं वाजवणं सांभाळून ठेवलं चोरानं. आणि खरं सांगू, त्या मालिकेत झांजेमागे हवा-बिवा काही नाही, कुठे कुठे आवाज फुटतो, लोक मध्येच ओरडतात. पण रॉलिन्स जो काही सुटलाय, त्याला तोड नाही. तिथे सुई उचलायची सोय नाही ना, सीडी आहे.

जावयाचा परवा फोन आला. रॉलिन्सच्या १९५९च्या युरोप दौऱ्याचा चार तबकड्यांचा संच घेतला म्हणे. 'रेकॉर्ड स्टोअर डे'ला पहाटेपासून दुकानाबाहेर रांगेत उभा होता. मी ऐकून घेतलं. मग जरा घुटमळत म्हणाला, "मावशी, तुमच्या ओळखीत कुणी रंगभवनला गेलं होतं का हो अठ्ठ्याहत्तर साली? कुणाकडे टेपरेकॉर्डर असेल, कुणी केलंही असेल..." मी म्हटलं, हे काय भलतंच! आणि फोन ठेवल्याबरोबर डायरी काढली. शिवाजी पार्कच्या एका काकांकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, ते असल्या कार्यक्रमांना हमखास जायचे. काका गेले, पण काकू आहेत. त्या म्हणाल्या, "अगं, टेपा आहेत ना माळ्यावर, पण त्यावर मी पुढे आमच्या मंडळाची भजनं भरली." जावयाला तसं कळवलं. तो घटकाभर गप्प. मग विचारतो, "पूर्ण टेपभर भरलीत, की शेवटी काही उरलंय?"